तिसरं पाणी

माझ्या नणंदेला चौपन्नाव्या वर्षी पाळी आली म्हणून लाँड्रीतल्या बायकांनी केक कापला.

मी तेव्हा डागाच्या टेबलाशी उभी होते. आमची लाँड्री हॉटेलांची कामं घेते. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, नॅपकिन ढिगांनी येतात आणि त्यातलं जे नुसतं यंत्रात टाकून निघणार नाही ते माझ्या टेबलावर येऊन पडतं. लिपस्टिक, गंज, दारू, ओकारी, रक्त. भाड्याच्या खोलीत माणसं काय काय करतात हे मला कुणाला न विचारता कळतं, आणि ते कळून कळून माझं मन माणसांवरून बरंचसं उडालंय. त्यात नाक मिळालंय ते असलं तिखट. दोन खोल्यांपलीकडे कुणी मोजे काढले तर मला मळमळतं. लाँड्रीत मला नाकाडी म्हणतात. म्हणोत बापड्या.

"नाकाडे, आत ये की," टॉवेलवालीने चहाच्या खोलीच्या दारातून हाक मारली. "तुझ्या नणंदबाई परत तरुण झाल्या. तोंड गोड कर."

मला वाटलं, वाढदिवस असेल. चहाच्या खोलीत मी सहसा पाऊल टाकत नसे, कारण गेल्या हिवाळ्यापासून तिथे बायका उकळत त्या काढ्याचा वास मुरला होता. ओली गोणी, गंजलेलं लोखंड आणि कुणीतरी चघळून थुंकलेला ज्येष्ठमध, हे सगळं एका भांड्यात घालून तासभर उकळलं तर जो वास येईल तो. भिंतींना, टॉवेलांना, बायकांच्या केसांना. माझा चहा मी टेबलाशीच घेई. त्या दिवशी नाकाला रुमाल लावून गेले.

आत सगळ्या दाटीवाटीने उभ्या होत्या. मधे ताई, म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. गाल लाल, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर असं काही हसू की मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. समोर छोटा पांढरा केक. मुकादमबाई, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, सुरी पुसत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

कुणीच सरळ सांगेना. एकमेकींना कोपरं मारून हसणं चाललं होतं. शेवटी टॉवेलवाली म्हणाली, "अगं, बंद पडलेलं घड्याळ चालू झालं. गेल्या महिन्यात थोडं चुकल्यासारखं झालं होतं, या महिन्यात अगदी पहिल्यासारखं. काढ्याचा गुण."

माझ्या हातातला रुमाल खाली आला. वास एकदम नाकात शिरला, पण त्या क्षणी तो वास कमी आणि बायकांची तोंडं जास्त किळसवाणी वाटली. केकचं क्रीम लागलेली, हसणारी, चघळणारी तोंडं.

का, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी ताईंच्या छातीत गाठ निघाली. डावी बाजू पूर्ण काढली. पुढे औषधं, किरणं, सगळं झालं, आणि मग रोज एक गोळी, पाच वर्षं घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की ताईंची गाठ बायकांच्या संप्रेरकावर पोसली जाणारी होती. ही गोळी त्या संप्रेरकाला गाठीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून त्या जातीचं काहीही पोटात जाता कामा नये, गोळी असो, मलम असो, झाडपाला असो. आणि अंगावरून एक थेंब जरी रक्त गेलं तरी त्याच दिवशी यायचं. एक थेंब, असं म्हणाल्या होत्या. त्यांनी वर केलेलं ते बोट मला अजून दिसतं.

ताईंची पाळी त्या औषधांनी जी गेली ती गेली. बदल्यात गोळीने त्यांच्या अंगात भट्टी पेटवून दिली. बसल्या बसल्या मानेपासून लाल होत, केसांतून घाम टपकू लागे, आणि दोन मिनिटांनी थंडीने कुडकुडत. काम तरी कसलं, तर रोलरवर. ओली चादर एका बाजूने घालायची, तापलेल्या रुळांखालून कोरडी, कडक होऊन दुसऱ्या बाजूने निघते. तिथे धडधाकट माणूस उभा राहिला तरी भाजून निघेल. त्यांना दुसरीकडे हलवा म्हणून मी मोठ्या बाईंच्या डोक्यावर मिरे वाटले, पण ताईच हलायला तयार नव्हत्या. रोलरवरची बाई म्हणजे लाँड्रीत मानाची.

"ताई, तुम्ही काढा पिता?" मी विचारलं.

"मी कुठे पिते," ताई म्हणाल्या. "यांचा उरलेला घोटभर."

मागे कधीतरी मी त्यांना हेच विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मी नुसती बसते गं यांच्यात, गप्पा मारायला. मी विश्वास ठेवला होता. एवढं नाक असून काय उपयोग. सगळ्यांच्याच अंगाला तो वास, त्यात ताईंचा कुठून वेगळा ओळखू.

"यांना काय आजार झाला होता माहीत आहे ना तुम्हाला?" मी सगळ्यांना विचारलं. "ऑपरेशन झालं तेव्हा तुम्हीच फुलं घेऊन आला होतात. आणि आता हे पाजताय?"

मोठ्या बाईंनी सुरी खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत, उलट समजूत घालायच्या सुरात बोलल्या. "अगं, आम्ही काय वेड्या आहोत? त्यांना आम्ही पहिलं पाणी देत नाही, दुसरंही नाही. तिसरं देतो."

आणि मग मला ते सगळं कळलं जे त्या खोलीत हिवाळाभर चाललं होतं. बाजारातल्या एका औषधवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानातून चौघी-पाचजणी चिनी जडीबुटीच्या पुड्या आणत. कुणाला अंगातून वाफा निघत, कुणाला झोप नाही, टॉवेलवालीला नुसतीच गोरं व्हायची हौस. म्हाताऱ्याने प्रत्येकीची नाडी पाहून, जीभ पाहून वेगळी पुडी बांधलेली. पण शेगडी एक आणि भांडं एक. मग कोण वेगवेगळं उकळत बसणार? सगळ्या पुड्या एकाच भांड्यात. भांडंही कसलं, तर खळ कालवायचं जुनं पातेलं, कडेला पांढरा थर तसाच. एकदा उकळायचं, ओतायचं. परत पाणी घालून उकळायचं, ओतायचं. दोन्ही मिसळून सगळ्यांनी प्यायचं. इथपर्यंत म्हाताऱ्याचीच रीत. त्यानंतर तो चोथा टाकून द्यायचा असतो.

आमच्या बायका चोथा टाकत नव्हत्या. त्यात तिसऱ्यांदा पाणी घालून उकळत आणि ते ताईंना देत. का, तर लाँड्रीत आम्ही प्रत्येक घाण तीन पाण्यांतून काढतो. पहिलं पाणी मळाचं, दुसरं साबणाचं, तिसरं स्वच्छ. तिसऱ्या पाण्याचा ग्लास मोठ्या बाई स्वतः ट्यूबलाइटसमोर धरून बघतात आणि मान हलवतात तेव्हाच कपडा पुढे जातो. वीस-वीस वर्षं हेच केलेल्या बायका. त्यांच्या मते तिसऱ्या पाण्यात औषधाचं फक्त पुण्य उरतं, पाप निघून गेलेलं असतं.

"ग्लासात बघून देतो आम्ही," टॉवेलवाली म्हणाली. "अगदी फिक्कट असतं."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं तेच कळेना. त्यांनी हे चोरून केलं नव्हतं, वाईट बुद्धीने केलं नव्हतं. प्रेमाने केलं होतं, आणि म्हणूनच मला जास्त शिसारी आली. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

"पाळी नाहीये ती," मी म्हणाले. "चला ताई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

ताईंचं हसू मावळलं. "तू ना, कुणाचं चांगलं झालेलं बघूच शकत नाहीस," त्या म्हणाल्या. "सगळ्यात तुला घाणच दिसते." त्यांनी केकचा तुकडा उचलला, माझ्याकडे बघत बघत खाल्ला आणि रोलरवर निघून गेल्या.

संध्याकाळी कामावरून सुटले ती तडक औषधवाल्याच्या दुकानात गेले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होते आणि एकेक शब्द असा होता की म्हाताऱ्याने दुकान विकून गाव सोडावं.

दुकान म्हणजे छतापर्यंत लाकडी खण, खणांवर चिनी अक्षरं. तोच वास, पण इथे कोरडा, आणि खरं सांगायचं तर इतका वाईट नाही. काचेच्या बरणीत पिळवटलेली मुळं, एका ताटात वाळलेले किडे की साली, मी नीट बघितलं नाही. म्हातारा उंच स्टुलावर बसून करंगळीच्या लांब नखाने कान कोरत होता. मला बघून म्हणाला, "बसा. जीभ दाखवा."

"जीभ दाखवायलाच आलेय," मी म्हणाले, आणि तोंडाचा पट्टा सोडला. त्याने सगळं ऐकून घेतलं. नख रुमालाला पुसलं.

"त्या बाई आल्या होत्या," तो म्हणाला. "रोलरवर काम करणाऱ्या. नाडी बघायला हात घेतला, तर त्यांनी छातीचं सांगितलं. मी हात सोडून दिला. म्हटलं, बाई, या दुकानात तुमच्यासाठी काही नाही."

"का सोडला?"

"यातली काही मुळं बाईच्या अंगात तिच्या तरुणपणच्या रक्तासारखं वागतात. थोडंफार, पण वागतात. तुमच्या डॉक्टरांनी तेच तर बंद केलंय. मी कशाला त्यात हात घालू? उद्या माझ्या दारात पोलीस."

ज्याच्या अंगावर ओरडायला आले तोच एकटा शहाणा निघाला, आणि तोही कशामुळे, तर पोलिसांच्या भीतीने. मग माझं लक्ष त्याच्या मागच्या काचेच्या कपाटाकडे गेलं. रंगीत खोक्यांची रांग, प्रत्येक खोक्यावर कमळाजवळ उभी असलेली तुकतुकीत बाई. खाली हाताने लिहून चिकटवलेली चिठ्ठी, स्त्रियांच्या तारुण्यासाठी.

"आणि ते? त्यात काय आहे?"

"तेच. गोळ्या करून."

"ते कुणाला देता?"

"जो मागेल त्याला. त्याला नाडी बघावी लागत नाही," तो म्हणाला. "खोक्यावर सगळं छापलंय. वाचायचं ज्याचं त्याने."

छापलेली अक्षरं मुंगीएवढी होती, तीही चिनी. मी ते म्हणाले तर त्याने खांदे उडवले. पण आमच्या बायकांच्या पुड्यांत काय काय होतं ते मात्र त्याने खण उघडून, प्रत्येकातली चिमूट एकेका कागदात बांधून मला दिलं. तिसऱ्यांदा उकळतात म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. "मुळं आहेत ती," म्हणाला. "चहाची पत्ती नव्हे. सावकाश सुटतात." एवढं बोलून परत कान कोरायला लागला. पायरी उतरताना मला कळलं की मी त्याच्या दुकानात एकदाही नाकाला रुमाल लावला नव्हता.

घरी नवऱ्याला सांगितलं. ताईंनी त्याला लहानाचा मोठा केलेला. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले. "बायकांच्या गोष्टी आहेत," तो म्हणाला, "मी ताईशी हे कसं बोलू?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बहीण मेली तरी चालेल पण पाळी हा शब्द तोंडातून निघायचा नाही, असला हा गडी. त्याची किळस करायलाही माझ्याकडे त्या दिवशी वेळ नव्हता.

ताई मागच्या खोलीत राहतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी गेले तेव्हा त्या पलंगावर बसून गोळी घेत होत्या, ती दवाखान्याची, आणि तिच्यावर थर्मासमधून कपात ओतलेलं काहीतरी. मला वासाने कळलं. तिसरं पाणी घरीही आणत होत्या आणि गोळी त्याच्याबरोबर गिळत होत्या. पुढच्या दाराला कुलूप लावायचं आणि मागचं सताड उघडं ठेवायचं, तसं.

"रोज?" मी विचारलं.

"पाण्याबरोबर घ्यायची ती याच्याबरोबर घेते. गोळी चुकवत नाही मी," ताई म्हणाल्या, जशी काही शाबासकीच मिळणार होती.

मी खुर्ची ओढून बसले. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ओरडलेच. ताई, हे रक्त पाळीचं नाही, डॉक्टरीणबाईंनी एक थेंब म्हटलं होतं, तुम्ही दोन महिने दडवलंत, याच्या मागे काय असेल कुणास ठाऊक, तुम्ही मराल. असं सरळ म्हणाले, मराल.

ताईंनी कप खाली ठेवला. बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या.

"तू कधी रोलरसमोर उभी राहिली आहेस अंगात आग लागलेली असताना?" त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी झोपले नाही. चादर घालता घालता माझा घाम चादरीवर पडायचा आणि मी इकडेतिकडे बघून पुसायची, कुणाला दिसू नये म्हणून. हे प्यायला लागले आणि थांबलं. झोप लागली. मग ते आलं." त्यांनी शब्द शोधला. "अंघोळीला कपडे काढते तेव्हा मी आरशाकडे पाठ करते. सगळं काढून नेलंय, वाळवून टाकलंय. मला वाटलं, आत काहीतरी होतं अजून. मला विसरलं नव्हतं."

मी कप उचलून बाजूला ठेवला.

"डॉक्टर बंद करायला सांगतील," ताई म्हणाल्या. "मी जाणार नाही. तू आता जा, मला झोपू दे."

रात्री मला डोळ्याला डोळा लागला नाही. ताई पलीकडे शांत घोरत होत्या.

सकाळी कामावर गेल्यावर मी एक गोष्ट केली. टॉवेलवालीने पातेलं चढवलं होतंच. पहिलं पाणी झालं, दुसरं झालं, तोवर मी चहाच्या खोलीच्या दारात उभी राहिले, त्या वासात, रुमालाशिवाय. तिसरं पाणी ओतल्यावर मी ग्लास उचलला आणि मोठ्या बाईंच्या हातात दिला. "बघा," मी म्हणाले. "तुम्ही पास करता का?"

त्यांनी सवयीने ट्यूबलाइटसमोर धरला. फिक्कट होतं, जवळजवळ पाण्यासारखं. "पास," त्या म्हणाल्या.

मी नवा पांढरा नॅपकिन घेतला, ग्लासात बुडवला, पिळला. ओला असताना त्याच्यावर काहीच दिसत नव्हतं. मग मी तो घेऊन रोलरकडे गेले. ताई तिथे होत्या, चादर घालत. "हा घाला," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण कपडा हातात आला की तो घालायचाच, ही त्यांची सवय. नॅपकिन रुळांखाली गेला. सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या.

लाँड्रीत काम करणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं. कपड्यात काही राहिलेलं असेल तर ओला असताना तो साळसूदपणे पांढरा दिसतो. उष्णता लागली की सगळं वर येतं, आणि मग ते कशानेही निघत नाही. असे कपडे आमच्याकडे रोज परत येतात आणि प्रत्येक वेळी मोठ्या बाई ओरडतात, तिसरं पाणी कुणी बघितलं होतं?

नॅपकिन पलीकडून निघाला तो पिवळट तपकिरी. कडेने गडद, मधे फिका, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा. त्यातून वाफ येत होती आणि वाफेला तोच वास.

टॉवेलवालीने हात तोंडावर नेला. मोठ्या बाईंनी नॅपकिन उचलला, उलटा केला, परत सुलटा केला. त्यांचं तोंड इतकं बारीक झालं की मला त्यांच्याकडे बघवेना. ह्या बाईने ताईंच्या ऑपरेशननंतर दोन महिने त्यांच्या जागी कामाच्या जादा पाळ्या केल्या होत्या आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"मीच बघून दिलं," त्या म्हणाल्या. "रोज मीच."

मग त्यांनी यंत्र बंद केलं. भर दिवसा रोलर बंद झालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला; अख्खी लाँड्री थांबल्यासारखी झाली. "अंगावरचा कोट काढा," त्या ताईंना म्हणाल्या. "दाखवून आल्याशिवाय इथे उभं राहायचं नाही."

ताई भावाचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. पण मुकादमबाईंनी रोलरवरून उतरवलं म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. त्यांनी कोट काढला, घडी घातली. घडी अगदी काटेकोर, कोपऱ्याला कोपरा.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी तपासलं, सोनोग्राफी केली, आतला तुकडा काढून पाठवला. माझ्या कागदातल्या चिमटी त्यांनी हुंगून पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. काढा तिथल्या तिथे बंद. आठवडा आम्ही काढला कसा ते आम्हालाच माहीत. ताईंच्या अंगातली भट्टी परत पेटली. ताटावर बसल्या की घाम भाजीत पडायचा आणि मी, मी नाकाडी, समोर बसून जेवत होते.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाई बराच वेळ कागद चाळत राहिल्या, आणि मला ते तिथेच कळलं. गर्भाशयाच्या अस्तरात कॅन्सर निघाला होता. नवा, वेगळा.

"काढ्यामुळे?" मी विचारलं. मला कुणाचं तरी नाव हवं होतं.

"मी तसं सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही देतो त्या गोळीनेही क्वचित अस्तर वाढतं, म्हणून तर मी एक थेंब म्हटलं होतं. वर हे काढ्याचं. दोघांनी मिळून काय केलं, किती केलं, ते कुणी मोजलेलं नाही. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा आला असतात तर मी आज जास्त खात्रीने बोलले असते. आता गर्भाशय काढावं लागेल, लवकर. मग कळेल किती पसरलंय."

म्हणजे गोळीही आलीच त्यात. जी घेताना मी रोज ताईंवर लक्ष ठेवायचे ती. म्हातारा, बायका, खोक्यावरची तुकतुकीत बाई, दवाखाना, मी, सगळ्यांची मला एकदमच किळस आली आणि ती कुठे ठेवायची ते समजेना. ताई माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. मान लाल व्हायला लागली होती, कपाळावर घाम. पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"मग ती पाळी नव्हतीच?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"थोडीही नाही?"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. कॅलेंडर पुढे ओढून ऑपरेशनचा दिवस शोधायला लागल्या. सोमवारचं म्हणाल्या, मी हो म्हणाले. उपाशी यायचं, दागिने घालायचे नाहीत, सोबत एकजण. त्यांनी लिहून दिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"एक विचारू?" ताई म्हणाल्या.

"विचारा ना."

"काढलेलं तुम्ही टाकता कुठे?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "तपासायला पाठवतो," त्या म्हणाल्या. "नंतर जाळतात. का हो?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "मागच्या वेळी विचारायचं राहून गेलं होतं."